टेकडीवरची बाग : आधी पाणी, मग वाट



वस्तीमागच्या टेकडीवर सार्वजनिक बाग व्हावी, असा विचार आपल्या सभेत मांडला गेला आहे. विचार स्तुत्यच आहे. मात्र टेकडी कापून सपाटी करावी व पायथ्याशी एक उंच भिंत घालावी, ही सूचना आम्हांस धोक्याची वाटते. जुलै २०१९ मध्ये मुसळधार पावसात मालाडच्या पिंपरीपाड्यात टेकडीवरची भिंत कोसळून पंचवीसहून अधिक माणसे दगावली. ती कोसळली ती गरिबांच्या झोपड्यांवरच.

भिंतीमागे तीन मीटर पाणी साचले, की तळाशी दर चौरस मीटरला तीन टनांचा दाब येतो. म्हणून एका उंच भिंतीऐवजी कमरेएवढ्या ताली टप्प्याटप्प्याने घालाव्यात. त्यांच्यामागे खडी भरावी, पाणी निथळायला भोके ठेवावीत आणि माथ्यावरचे पाणी गटाराने बाजूला काढावे. उतारावर वाळा लावावा; त्याची मुळे दोन-तीन मीटर खोल जाऊन माती धरून ठेवतात. प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी वर्गणी चटकन जमते, गटारासाठी जमत नाही, हा अनुभव सर्वांचाच आहे. तरीही आधी गटार.

बार्सिलोना शहरातील पार्क ग्वेल १९०० ते १९१४ या काळात आंतोनी गाउदी यांनी अशाच डोंगरउतारावर रचला. तेथे रस्ते टेकडीच्या वळणाने नेले आहेत. वरच्या चौकात पडलेले पावसाचे पाणी दगडी खांबांच्या पोटातून खालच्या टाकीत उतरते. ती योजना मुळात श्रीमंतांच्या साठ घरांसाठी होती. ती फसली, आणि १९२६ साली तेथे सार्वजनिक बाग झाली.

आता वाटेचा प्रश्न. केवळ पायऱ्या केल्या, तर बाग धडधाकट माणसांचीच होईल. गुडघे दुखणारी आजी, चाकाच्या खुर्चीतला मुलगा खालीच बसतील. चाकाच्या खुर्चीला एक मीटर चढण्यासाठी निदान बारा मीटर लांब उतार हवा. म्हणजे दहा मीटर उंचीला १२० मीटर वाट, शिवाय दर आठ-नऊ मीटरवर विसाव्याची सपाट जागा. आपल्या टेकडीवर एवढी वाट माथ्यापर्यंत बसणार नाही. तेव्हा बाके, पाण्याचा नळ आणि मुलांचे झोपाळे खालच्या दोन टप्प्यांवरच असावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. माथा झाडांना सोडावा.

विद्यार्थ्यांना एक काम सांगतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर, उघडीप होताच, खुंट्या व दोरी घेऊन या. पाणी जेथून उतरले तेथे खुंट्या ठोकू. नकाशा त्यानंतर काढू.