चावी द्या, पण हळुवार

यवतमाळ, वणी, दारव्ह्याच्या कित्येक घरांतल्या कपाटात आजोबांचं एचएमटी जपून ठेवलेलं असतं. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने 1961 साली बंगळूरला सुरू झालेल्या कारखान्यातली ही घड्याळं. त्यातलं 'कांचन' ऑटोमॅटिक. 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हापासून ती जपण्याची जबाबदारी घराघरांवर आली.

ऑटोमॅटिकला सेल नसतो. आत अर्धवर्तुळाकार जड चकती असते, तिला रोटर म्हणतात. हात हलला की ती फिरते आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. स्प्रिंग पूर्ण भरली की तिचं टोक आतल्या भिंतीवरून घसरतं, म्हणून हात हलवत राहिल्याने ती तुटत नाही. पण बरेच दिवस पडून राहिलेलं घड्याळ जोरात झटकणं चुकीचंच! ते मनगटावर बांधण्याआधी, हाताने चावी देता येत असेल तर वीसेक हलके वेढे द्यावेत. चावी अडली तर जबरदस्ती नको.

रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख बदलू नये. त्या वेळी तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात, दाते तुटू शकतात.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो, जिनिंगमध्ये कापसाची तूस उडते, पावसाळ्यात दमट हवा. जुनं तेल सुकतं, जुन्या रबरी कड्या कडक होतात. काचेआड वाफ दिसली, तर त्याच दिवशी कारागिराकडे न्यावं. एरवी चार-पाच वर्षांनी साफसफाई आणि तेलपाणी करून घ्यावं.