कबुलीनंतरचा खटला

मंडळी, वसंत व्याख्यानमालेच्या या मंचावरून मी आज ‘सीआयडी’बद्दल बोलणार आहे. हसू नका. १९९८ साली सोनीवर सुरू झालेली ती मालिका सलग वीस वर्षं चालली, आणि पोलीस तपास कसा करतात हे आपल्यातले बरेच जण शिकले ते शिवाजी साटमांच्या एसीपी प्रद्युम्नकडूनच.

तिथला शेवट ठरलेला. इन्स्पेक्टर दयानं दार तोडायचं, संशयिताच्या कानाखाली एक ठेवून द्यायची, की तो घडाघडा बोलू लागतो. मग एसीपी साहेबच त्याला फाशी सुनावतात. न्यायाधीश बिचारा कुठं दिसत नाही!

कायदा मात्र सांगतो की पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. १८७२च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम २३ आहे. हा नियम इंग्रज सरकारनं केला, आणि त्या सरकारला इथल्या आरोपींचा पुळका खासच नव्हता. पण १८५५ साली मद्रास इलाख्यातल्या छळाच्या चौकशीचा अहवाल आला होता. मार बसला की माणूस काहीही कबूल करतो, हे राज्यकर्त्यांनाही कळून चुकलं होतं. कबुली द्यायचीच तर ती दंडाधिकाऱ्यापुढे. आणि तोही आधी बजावतो की बोलायची सक्ती नाही, बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल.

पोलिसांना एक वाट मोकळी आहे. कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या सापडण्याशी थेट संबंध असलेलं त्याचं बोलणं तेवढं पुराव्यात येतं. म्हणून कोर्टात खरी झोंबाझोंबी होते ती पंचनाम्यावर. पंच कोण? कधी चौकातला पानवाला, कधी वाटेत गाठलेला रिक्षावाला. काही वर्षांनी तो पिंजऱ्यात उभा राहतो आणि उलटतपासणी सुरू होते. चाकू विहिरीतून वर कुणी काढला? पाकिटाला लाखेचं सील तुमच्यासमोर लागलं का? लेबलावर सही कुठं केलीत, विहिरीपाशी की ठाण्यात? मुद्देमाल प्रयोगशाळेत जाईपर्यंत कुणाच्या ताब्यात होता? पंच गडबडतो, नाहीतर सरळ फितूर होतो. टीव्हीवर ‘सीआयडी’तले फोरेन्सिक तज्ज्ञ डॉ. साळुंखे दोन जाहिरातींच्या मध्ये अहवाल देऊन मोकळे होतात, त्यामुळे ही दमछाक आपल्याला दिसतच नाही. मग प्रत्यक्षात आरोपी सुटला की आपण म्हणतो, वकिलानं पैसे चारले असणार.

वकील नायक असला तरी फरक पडत नाही. २०१०च्या ‘अदालत’ मालिकेतले वकील के. डी. पाठक अशिलाला सोडवतात, पण त्यासाठी खऱ्या खुन्याला भर कोर्टात बोलतं करतात. पुन्हा कबुलीच! वास्तविक बचावाच्या वकिलानं खुनी शोधून द्यायचा नसतो. सरकार पक्षाची गोष्ट कुठं उसवली आहे तेवढं त्यानं दाखवायचं. खुनी कोण ते न कळताच, संशयाचा फायदा देऊन आरोपीला सोडणारा एखादा भाग कुणी काढला, तर तो बघायला मी नक्की बसेन.