एकदा आपटलेला टोप



काल याच व्यासपीठावरून संतवाङ्मयावर बोलणे झाले, उद्या अर्थशास्त्रावर होणार आहे, आणि मध्ये आम्ही मोटरसायकलवर बसताना डोक्यात घालायच्या टोपावर बोलायला उभे राहिलो आहोत. चालकांनी विषय विचारला तेव्हा आमच्याकडून कामगार कायदा किंवा संपाचा इतिहास त्यांना अपेक्षित असावा. आम्ही विषय कळवला तेव्हा ते हसले. पण ‘नको’ म्हणाले नाहीत, हे त्यांचे उपकार. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा शास्त्र सांगताना आमची भाषा जाड्याभरड्या कापडासारखी लागली तर गोड मानून घ्यावी.

वर्तमानपत्रे या वस्तूला शिरस्त्राण म्हणतात. लातूरच्या गंजगोलाईत जाऊन शिरस्त्राण मागितले तर दुकानदार नाटक कंपनीचा पत्ता सांगेल. लोक हेल्मेट म्हणतात, आमचे हमाल टोप म्हणतात. आम्हीही टोपच म्हणू.

प्रश्न असा की, अपघातात टोप आपटला, डोके वाचले, टोप दिसायला धड आहे; तर तो पुन्हा वापरावा की टाकून द्यावा? प्रश्न एवढासाच आहे. पण आमच्या कार्यकारिणीत त्यावर दोन बैठका झाल्या आणि दोन्हींत आवाज चढले.

घडले ते असे. आश्विनाचे दिवस होते. लातूरची सभा आटोपून आम्ही एका सहकाऱ्याच्या गाडीवर मागे बसून नांदेडला परत निघालो होतो. चाकूर गेले, अहमदपूर गेले, लोहा यायचे होते. त्या दिवसांत आपल्याकडे सोयाबीनच्या राशी चालतात, आणि शेतकऱ्याला खळे नसले की डांबरी सडक हेच त्याचे खळे होते. अंधारात सोयाबीनच्या भुसावरून चाक सरकले. सहकाऱ्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. आमचे डोके डाव्या अंगाने सडकेवर आदळले, कानांत जात्याची घरघर झाली, आणि थोड्या वेळाने आम्ही उठून बसलो. डॉक्टरांनी रात्रभर नजरेखाली ठेवून सकाळी घरी पाठवले. टोपावर रुपयाएवढा ओरखडा होता, बाकी काही नाही. आम्ही तो धुतला, पुसला आणि कचेरीतल्या खुंटीला टांगला. येणाऱ्याजाणाऱ्याला आम्ही तो कौतुकाने दाखवीत असू.

तीन महिन्यांनी आमच्या युनियनमधला एक पोरगा आला. वय बावीस असेल; दिवसभर दुचाकीवरून लोकांची पार्सले पोहोचवतो. त्याच्याकडे टोप नव्हता. आम्ही मोठ्या मनाने खुंटीवरचा टोप काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, “घेऊन जा रे, पडूनच आहे.” एक चांगले काम झाले असे वाटून त्या दिवशी आम्हांला जेवणही गोड लागले.

पुढे कचेरीतली अडगळ काढताना त्याच टोपाचे खोके सापडले. आत इंग्रजीत छापलेला घडीचा कागद होता. शब्दकोश उशाशी घेऊन इंग्रजी वाचण्याची आम्हांला जुनी खोड आहे. त्यात लिहिले होते की, टोपाला एकदा जोराचा आघात झाला की तो बाहेरून चांगला दिसला तरी नष्ट करावा आणि नवा घ्यावा. आमचा पहिला विचार कोणाही कामगार कार्यकर्त्याला येईल तोच होता: हे मालकाचे माल खपवण्याचे तंत्र! दुसरा विचार मात्र त्या पोराचा आला.

टोप म्हणजे वरचे कठीण कवच, असे आपण समजतो. पण खरे काम आतला पांढरा थर करतो. नवीन दूरचित्रवाणी संच आणला की खोक्यात जो थर्मोकोल निघतो, त्याच जातीचा, पण अधिक दाट दाबलेला. कवच फटका पसरवते आणि अणकुचीदार दगड अडवते. फटका गिळतो तो हा थर. तो कसा गिळतो? स्वतः चुरडून. त्यात हवेचे असंख्य बारीक कप्पे असतात, ते फुटत जातात आणि डोके हळूहळू थांबते. हा हिशेब आम्ही पुस्तकावरून स्वतः मांडून पाहिला. गाडीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर असते. तेथून ते खाली आले तर ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने आपटते. मग गाडी जागेवर उभी का असेना! हा वेग अडीच सेंटिमीटर अंतरात जिरला तर एक गोष्ट, आणि अर्ध्या सेंटिमीटरात जिरला तर मेंदूला बसणारा धक्का पाचपट. सगळा टोप एवढ्या दोन सेंटिमीटरांसाठी आहे.

आता कापसाची गादी दाबली तर पुन्हा फुगते. हा थर फुगत नाही; फुगलाच तर वरवर थोडासा, आणि तो आपल्याला फसवतो. ज्या जागी तो एकदा चुरडला, त्या जागी पुढच्या वेळी गिळण्याजोगे फारसे काही उरलेले नसते. घरातला फ्यूज घर वाचवून जळतो. जळालेली तार पुन्हा बसवून कोणी दिवा लागण्याची वाट पाहत नाही. फ्यूज जळल्याचे निदान दिवा विझल्यावर कळते. टोपाचे मात्र दुसऱ्यांदा डोके आपटेपर्यंत कळत नाही.

ही दोन थरांची कल्पना फार जुनी नाही. ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून गाजलेला इंग्रज अधिकारी १९३५ च्या मे महिन्यात मोटरसायकलवरून पडला. सायकलवरच्या दोन मुलांना चुकवायला गेला होता. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवसांनी तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यवैद्य होते. ती गोष्ट त्यांनी सोडून दिली नाही. युद्धकाळात निरोप पोहोचवणाऱ्या मोटरसायकलस्वार शिपायांच्या डोक्याच्या जखमांचा त्यांनी अभ्यास केला, १९४१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात अशा स्वारांना टोप सक्तीचा झाला. पुढे अमेरिकेत रॉथ आणि लोम्बार्ड या दोघांना १९५३ साली, वर कठीण कवच आणि आत चुरडणारा थर अशा टोपाचे पेटंट मिळाले. आज आपल्या डोक्यावर आहे तो त्याचाच वंशज. हे निरोपे शिपाई म्हणजे आमच्या पार्सलवाल्या पोराचेच भाऊबंद, हे वाचताना आमच्या मनात आल्यावाचून राहिले नाही.

आम्ही त्या पोराला बोलावून टोप परत मागितला. तो बिचारा ओशाळला. आपले काही चुकले असे त्याला वाटले. चूक आमची होती, हे त्याला पटवायला चहाचे दोन कप लागले. मग कचेरीतच आम्ही करवतीने टोप मधोमध कापला. उजव्या बाजूचा थर पूर्ण जाडीचा होता. डावीकडे, ओरखड्याच्या बरोबर खाली, तो सुमारे पाव हिश्शाने बसला होता आणि त्यात केसासारखी चीर आरपार गेली होती. तीन महिने ते पोर तो घालून वजिराबादेच्या गर्दीतून हिंडत होते!

कार्यकारिणीत प्रश्न मांडला तो हा की, कामाच्या फेरीत ज्याचा टोप आपटेल त्याला युनियनच्या निधीतून नवा द्यावा काय. आमच्यातले एक वृद्ध हमाल, त्यांना सगळे मामा म्हणतात, ताडकन म्हणाले, “भाऊ, टोपाला नखभर ओरखडा न्हाई, अन् नवा घ्यायचा? घागर आपटली अन् फुटली न्हाई, तर माणूस तिच्यात पाणी भरतोच की!” मामांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. आयएसआय शिक्क्याचा बरा टोप हजार-बाराशेच्या खाली सहसा येत नाही, आणि तेवढ्यासाठी हमालाला दोन-तीन दिवस पाठ वाकवावी लागते. गरिबाने वस्तू टिकवून वापरावी हे त्याचे शहाणपण आहे, कंजूषपणा नव्हे. आम्ही वाद घातला नाही. कापलेल्या दोन फोडी मामांच्या हातात दिल्या. त्यांनी अंगठ्याने दोन्ही बाजू दाबून पाहिल्या, बराच वेळ पाहिल्या, आणि म्हणाले, “ही घागर न्हाई. हे एकदाच भांडणारं जनावर हाय.”

मग प्रत्येक वेळी टोप पडला की टाकायचा काय? असे म्हणणारे दुकानदार आहेत. त्यांचे ऐकू नये. टोप रिकामा असताना खुंटीवरून किंवा गाडीच्या आरशावरून पडला, तर आत डोक्याचे चार-पाच किलो वजन नसते. थर चुरडायला आतून दाबणारे काही नसते. अशा वेळी तपासावे: आतले कापड काढून थर दोन्ही बाजूंनी अंगठ्याने चाचपावा, कवच आणि थर यांत फट पडली आहे का, पट्टा आणि कडी घट्ट आहेत का, हे पाहावे. धड असेल तर निर्धास्त वापरावा. रोज उठून आपटत असेल तर मात्र तो प्रश्न टोपाचा नसून मालकाच्या स्वभावाचा आहे. पण डोके आत असताना टोप कशावरही आपटला, की चाचपणी कामाची नाही. आमच्याही टोपात न कापता आम्हांला काही दिसले नसते.

वयाचेही पाहावे. पाच वर्षांनी टोप बदलावा असा सर्वसाधारण सल्ला असतो. घाम, डोक्याचे तेल आणि आपल्याकडचे वैशाखातले ऊन हे कोणालाच सोडत नाहीत. आणि पेट्रोलच्या फडक्याने टोप पुसू नये. (येथे वक्त्यांनी थर्मोकोलच्या तुकड्यावर पेट्रोलचे थेंब टाकून तो विरघळताना दाखवला.) पाहिलेत? गॅरेजमध्ये प्रेमाने असेच पुसतात.

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने टोप सक्तीचा आहे. पगडी घालणाऱ्या शीख बांधवांना त्याच कलमात सूट आहे, आणि हुजूर साहिबच्या नांदेडात ते सांगायला हवे. १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याविना असे टोप बनवण्याला आणि विकण्याला बंदी आहे, तरी सडकेकडेला काय विकले जाते ते आपण सारे पाहतो. दंड हजाराचा आणि सडकेवरचा टोप त्याहून कितीतरी स्वस्त. म्हणून माणूस तो डोक्यासाठी घेत नाही, पोलिसासाठी घेतो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ५०,०२९ दुचाकीवर टोपाविना होती, असे सरकारी अहवाल सांगतो. आपटलेला टोप घालणारे कोणत्या रकान्यात जातात? ते ‘टोप होता’ याच रकान्यात जाणार.

नवी गाडी विकताना तिच्याबरोबर टोप द्यावा असा नियम आहे. परंतु तो एकदाच. अपघातानंतर आमच्या सहकाऱ्याच्या गाडीचा विमा पाहायला आलेल्या माणसाने मडगार्ड मोजले, दिवा मोजला. टोपाकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. पार्सलवाल्यांच्या मालकांना आम्ही पत्र घातले की, तुमच्या मालाची फेरी करताना टोप आपटला तर नवा तुम्ही द्यावा. उत्तर आले की, ही मुले आमचे नोकर नव्हेत, भागीदार आहेत. नफ्यात भागीदारी कोणत्या तारखेला मिळते, असे आम्ही उलट विचारले आहे. त्याचे उत्तर यायचे आहे.

तोपर्यंत कार्यकारिणीने ठराव केला. सूचक मामाच होते. आपटलेला टोप कचेरीत जमा करावा, निम्मी किंमत निधीतून घ्यावी, आणि जुना टोप तिथल्या तिथे करवतीने कापावा, म्हणजे कोणी मोठ्या मनाने तो दुसऱ्याला देणार नाही. आतापर्यंत सात कापले. सातांपैकी दोन आत धड निघाले. त्या दोहोंचे पैसे वाया गेले असे कोषाध्यक्षांनी वहीत लिहिले आहे, आणि आम्ही ते खोडलेले नाही.

आमचा स्वतःचा टोप येथे टेबलावर ठेवला आहे. सभा संपल्यावर ज्यांना अंगठा लावून पाहायचा असेल त्यांनी यावे. ओरखडा असलेली ती डावी फोड.