कंपनीची वही आणि कामगार



कंपन्यांच्या नोंदणीवर कामगार-चळवळीतल्या माणसाने काय बोलावे, असे आपल्यापैकी कित्येकांना वाटले असेल. परंतु ज्याचा पगार थकला त्याला पहिला प्रश्न हाच पडतो की, आपला मालक कोण? फाटकावर एक नाव, नेमणुकीच्या पत्रावर दुसरे आणि पैसे देणारा म्हणतो, मी तर नुसता व्यवस्थापक! अशा वेळी उत्तर एकाच ठिकाणी मिळते. ते ठिकाण म्हणजे सरकारची कंपन्यांची नोंदवही.

कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही एक व्यक्तीच आहे. ती नोंदणीने जन्मते आणि वहीतून नाव खोडले की मरते. २००६ मध्ये केंद्र सरकारने 'एमसीए एकवीस' ही योजना सुरू केली आणि कागदी बाडे संगणकावर चढू लागली. २०१६ पासून देशभरच्या नव्या कंपन्यांचे अर्ज हरियाणातील मानेसर येथे तपासले जाऊ लागले. फेब्रुवारी २०२० पासून तर एकाच अर्जात नाव, पॅन, भविष्यनिर्वाह निधीचा व राज्य विम्याचा क्रमांक, बँकेचे खाते, सारे घरबसल्या मागता येते. निधीचा क्रमांक जन्मतःच मिळतो ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र क्रमांक म्हणजे वर्गणी नव्हे. वीस माणसे कामावर असल्याखेरीज निधीचा कायदा साधारणतः लागू होत नाही, आणि तो विसावा माणूस हजेरीपटावर चढायला किती वर्षे घेतो, हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे!

आमच्या मते या सुधारणेतला मोठा लाभ निराळाच आहे. ही वही कुणालाही वाचता येते. कंपनीचे नाव, पत्ता, शेवटचा ताळेबंद केव्हाचा, हे फुकट दिसते. दाखल केलेली कागदपत्रे शंभर रुपये भरून पाहता येतात. प्रत्येक कंपनीला एकवीस अक्षरांचा व अंकांचा एक क्रमांक असतो, त्यात राज्य आणि नोंदणीचे सालही असते. तो पत्रावर व बिलावर छापलाच पाहिजे. दारावरची पाटी स्थानिक लिपीतही हवी, असे २०१३ चा कायदा सांगतो. गंमत अशी की पाटी मराठीत हवी, आणि वही मात्र बहुतेक इंग्रजीत! सुधारणा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मालक होता, कामगार नव्हता, याचा याहून वेगळा पुरावा आम्ही देत नाही.

आता मरणाकडे वळू. २०१७ मध्ये सरकारने दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे खोडली. त्यांत नुसत्या कागदावरच्या पुष्कळ होत्या. त्यांच्यासाठी कुणी रडू नये. पण २०२३ पासून आपणहून बंद होऊ इच्छिणाऱ्या कंपन्यांसाठीही मानेसरलाच वेगळे केंद्र झाले आहे. नाव खोडण्यापूर्वी जाहीर नोटीस निघते, हरकतीला तीस दिवस असतात. ती नोटीस कोण वाचतो? आमच्या माहितीतल्या एका लहान कारखान्यात ग्रॅच्युइटी बाकी असता कंपनी अशीच गुपचूप संपली. शंभर रुपये भरून आम्ही कागद उघडले, तो त्यात संचालकांचे हमीपत्र निघाले: पुढे येणारे कायदेशीर देणे आम्ही फेडू. ते हमीपत्र समोर ठेवताच बोलणी सुरू झाली.

आणखी एक कलम ध्यानात ठेवा, दोनशे बावन्न. नाव खोडलेल्या कंपनीला पुन्हा वहीत आणण्याची मागणी न्यायाधिकरणाकडे करता येते. मुदत वीस वर्षे. अर्ज कोणी करावा? कंपनी, भागधारक, धनको आणि 'कामगार'. हा शब्द कायद्यात स्पष्ट आहे. पण तो वापरलेला आम्ही क्वचितच पाहिला.

आपल्या जुन्नर-आंबेगावात शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत. दहा शेतकरी एकत्र आले की कंपनी होते, म्हणून या सभेतही संचालक बसलेले असतील. वार्षिक विवरणपत्राला उशीर झाला तर दर दिवशी शंभर रुपये ज्यादा पडतात. सलग तीन वर्षे ते दाखल झाले नाही, तर संचालकाला पाच वर्षे अपात्र ठरवले जाते. 'सचिव पाहतो' एवढ्यावर भागत नाही.

व्याख्यान संपल्यावर आम्ही येथेच बसणार आहोत. ज्यांच्या खिशात नेमणुकीचे पत्र असेल, त्यांनी ते घेऊन यावे. मोबाईलवर ती एकवीस अक्षरे एकत्र वाचू.