शनिवार तेल्यांचे सण आणि त्यांचे कीर्तन



सणाच्या आदल्या दिवशी फळ्यावर ‘उद्या शाळेला सुट्टी’ असे लिहिले की शिक्षकाचे कर्तव्य पार पडले, अशी समजूत अनेक शाळांतून दिसून येते. सुट्टी कशाची, हे ज्या मुलाच्या घरी तो सण असतो त्यालाच ठाऊक असते. आणि पुष्कळदा त्या धर्माचे वर्गात ते एकच मूल असते. सण साजरा करून ते परत येते, पण घरी काय झाले, काय शिजले, कोणते गाणे म्हटले, हे त्याला कोणी विचारीत नाही. सर्वधर्मसमभावावर कितीही व्याख्याने दिली तरी ही उणीव भरून निघत नाही. शेजाऱ्याचा धर्म बालमनास कळतो तो सणाच्या नावातून, त्या दिवशीच्या अन्नातून आणि गाण्यातून. याचे एक बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच आहे. ते म्हणजे कोकणातील बेने इस्रायल या ज्यू समाजाचे.

या समाजाची परंपरा अशी सांगते की, फार प्राचीन काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांचे धर्मग्रंथ समुद्रात गेले. किनाऱ्यावरील लोकांनी त्यांना आश्रय दिला. त्यांनी तेलाचा घाणा चालविण्याचा व्यवसाय पत्करला. मात्र शनिवारी, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, घाणा बंद असे. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. ज्या गावी ते राहिले त्या गावांची नावे त्यांची आडनावे झाली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, केहिमकर. ग्रंथ नव्हते, धर्मगुरू नव्हते. सुंता, शनिवार, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शेमा’ ही एक हिब्रू प्रार्थना एवढीच त्यांची शिदोरी होती. पुढे कोचीनहून आलेल्या डेव्हिड राहाबी नावाच्या गृहस्थाने त्यांच्या स्त्रियांपुढे निरनिराळी मासळी ठेवली, तेव्हा पंख व खवले नसलेली मासळी त्यांनी बाजूला काढली आणि त्यावरून त्याने त्यांना ओळखले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेत इतिहास किती हे विद्वानांनी पाहावे. परीक्षा स्वयंपाकघरात झाली, हे मात्र मार्मिक आहे.

कारण या समाजाचे सणही स्वयंपाकघरातच टिकले होते. एकोणिसाव्या शतकात हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. त्यात या सणांची जुनी नावे आढळतात. वर्षारंभीचा तो ‘नव्याचा सण’. पाठोपाठ ‘खिरीचा सण’. प्रायश्चित्ताच्या उपवासाचा दिवस, ज्याला हिब्रूत योम किप्पूर म्हणतात, तो ‘दारफाळणीचा सण’. त्या दिवशी शुभ्र वस्त्रे नेसून, दारे लावून घरातच बसावयाचे. दुसरा दिवस दानधर्माचा व भेटीगाठींचा, त्याचे नाव ‘शिळा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन ‘बिरड्याचा सण’ झाला. आणि मिसरच्या गुलामगिरीतून सुटकेचा जो पेसाह, ज्यात आठ दिवस आंबविलेले काही खावयाचे नसते, तो ‘अनाशी ढाकाचा सण’ झाला. घरात आंबट कालवणाचे भांडे असे, त्यावर त्या दिवसांत झाकण पडे. पोथ्या गेल्यामुळे सुटकेची कथा धूसर झाली होती. भांडे झाकण्यास मात्र गृहिणी विसरली नव्हती.

आणखी काही नावे पाहावीत. एस्तेर राणीने आपल्या लोकांना वाचविल्याचा पुरीम हा उत्सव ‘होळीचा सण’ म्हणून ओळखला जाई. एका महिन्याच्या उपवासांना ‘रमजान’ म्हणत. एलिया संदेष्ट्याच्या स्मरणाचा दिवस ‘उरूस’ झाला. हिंदूंची होळी, मुसलमानांचे रमजान व उरूस हे शब्द एका तिसऱ्याच धर्माच्या पंचांगात सुखाने नांदत होते. यात कोणाचा धर्म बाटला नाही.

होळीचे नाव पुरीमला मिळाले त्यास आकाशाचाही आधार आहे. ज्यूंचे महिने चांद्र असून ऋतूंशी मेळ राखण्यासाठी एकोणीस वर्षांत सात अधिक महिने घालतात. येथील पंचांगातही सुमारे तेहतीस महिन्यांनी अधिक मास येतो. त्यामुळे अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी येणारा पुरीम फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास पडतो. २०२४ साली २४ मार्च या एकाच दिवशी पुरीम व होळी आली. हिजरी वर्षात अधिक महिना नाही, म्हणून रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकत सर्व ऋतूंतून फिरतो. भूगोलाच्या तासाला चंद्रकला शिकविताना हे तीन हिशेब फळ्यावर शेजारीशेजारी मांडण्यासारखे आहेत.

आता संगीताकडे वळावे. एकोणिसाव्या शतकात या समाजातील पुष्कळ लोक मुंबईस स्थायिक झाले. १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी तेथे त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले होते. त्यास लोक ‘मशीद’च म्हणत. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. १८४६ साली पेसाहच्या रात्री वाचावयाची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाली. हरवलेली पोथी अशा रीतीने मराठीच्या हाती धरून परत आली. पण पोथी वाचणारे थोडे असतात. तेव्हा १८८० च्या सुमारास समाजातील काही जाणत्यांनी कीर्तनाचा मार्ग धरला. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, अभंग, ओवी या छंदांत रचली गेली आणि टाळ-पेटीच्या साथीने गाइली गेली. पंढरीच्या वाटेवर घडलेले साधन सीनाय पर्वताच्या कथेस जसेच्या तसे उपयोगी पडले. नंतरच्या काळात ही पदे वह्यांत उतरून घेऊन जपली ती विशेषतः स्त्रियांनी.

हिब्रूचे ज्ञान वाढले तशी सणांची जुनी मराठी नावे मात्र मागे पडली. शुद्ध नावे आली हे योग्यच झाले. पण जुनी टाकून द्यावयास नको होती. शतकानुशतके धर्म राखला तो त्याच नावांनी. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले, तेव्हा तेथील धर्मपीठाने १९६२ साली विवाहप्रसंगी त्यांची वंशावळ तपासण्याचा आदेश काढला. झाकलेले भांडे आणि बंद घाणा हा पुरावा तेथे पुरेसा वाटला नाही. समाजाने मोठे आंदोलन केले, आणि १९६४ साली इस्रायल सरकारने ते सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे असल्याचे जाहीर केले. तेथेही गोड पोह्यांचा ‘मलिदा’ करून एलिया संदेष्ट्याचे गीत म्हणण्याची त्यांची चाल कायम आहे, आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी काढले.

पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील शिक्षकांस यासाठी दूर जावयास नको. अलिबागेत इस्रायल आळी आहे, तेथे प्रार्थनामंदिर आहे. नवगावास स्मारक आहे. इतरत्र असा समाज नसेल. पण ज्याचा सण फळ्यावरच्या दोन शब्दांत आटोपतो असे एखादे मूल बहुधा असतेच. सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला त्या मुलास घरातले सणाचे नाव विचारावे, हिब्रू, अरबी वा संस्कृत नव्हे, आजी वापरते ते. ते फळ्यावर लिहावे. त्या दिवशी काय शिजले ते इतरांनी विचारावे, आणि एखादे पद येत असेल तर म्हणावयास लावावे. मूल लाजले तर आजीस शाळेत बोलवावे.