यंत्र उघडून पाहणारे हात

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त चेन्नईजवळील सिरुसेरी येथे भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आज सकाळी सभागृहाबाहेर आपला समूहफोटो काढला गेला, तेव्हा एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. फोटो काढणारा आपलाच माजी विद्यार्थी आमच्याकडे पाहतच नव्हता. पोटाशी धरलेल्या एका काळ्या-चंदेरी पेटीत तो मान खाली घालून पाहत होता, जणू विहिरीत डोकावत असावा. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "बाई, हा हॅसलब्लाड. स्वीडनचा आहे. वयाने माझ्यापेक्षा मोठा, पण अजून ठणठणीत." सिरुसेरीच्या या माहिती तंत्रज्ञानाच्या वसाहतीत दोन वर्षांपूर्वीचा फोनही जुना ठरतो. तिथे हे वाक्य ऐकून मला मौज वाटली, आणि आज काय बोलावे हा माझा प्रश्नही सुटला.

हा कॅमेरा घडवणारे व्हिक्टर हॅसलब्लाड यांचा जन्म 1906 साली गोथेनबर्ग या बंदराच्या शहरात झाला. त्यांना पक्ष्यांचे विलक्षण वेड होते. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांची छायाचित्रे घेऊन त्यांनी 1935 साली एक पुस्तकही प्रसिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धात स्वीडनच्या हवाई दलाच्या हाती एक जर्मन विमानी कॅमेरा लागला. असाच कॅमेरा करून द्याल का, अशी विचारणा 1940 साली हॅसलब्लाड यांच्याकडे झाली. असा नव्हे, याहून चांगला करून देतो, असे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. एका साध्या शेडमधील कार्यशाळेत त्यांनी तो परका कॅमेरा अभ्यासला आणि आपला स्वतंत्र कॅमेरा उभा केला.

युद्ध संपल्यावर, 1948 साली, त्यांचा सर्वसामान्यांसाठीचा पहिला कॅमेरा न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर आला. विद्यार्थ्यांना यश सांगताना आपण पुढचा भाग गाळतो, म्हणून तो मुद्दाम सांगते. त्या पहिल्या कॅमेऱ्याची झडप नाजूक होती आणि ती वारंवार बिघडत असे. हॅसलब्लाड यांनी रचना पुन्हा पुन्हा बदलली. अखेर झडप पेटीतून काढून भिंगातच बसवली आणि 1957 साली जो कॅमेरा आला, त्याने त्यांचे नाव जगभर नेले. 1962 साली वॉल्टर शिरा हा अंतराळवीर त्यातलाच एक घेऊन अवकाशात गेला. 1969 साली मानव चंद्रावर उतरला, तेव्हा त्याच्याबरोबर हॅसलब्लाड कॅमेरा होता. परतीचे वजन कमी व्हावे म्हणून कॅमेरा चंद्रावरच ठेवला गेला आणि चित्रे असलेली फिल्मची डबी तेवढी पृथ्वीवर आली.

हे शक्य झाले, कारण ती डबी सुटी होती. या कॅमेऱ्याचे भिंग, फिल्मची डबी आणि वरून डोकावण्याची खिडकी असे सारे सुटे होते. एक भाग बिघडला तर तेवढा दुरुस्त करावा, नवा भाग आला तर जुन्या पेटीला जोडावा. या कॅमेऱ्याचे आकर्षण सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकले, त्याचे एक कारण मला यात दिसते. जे यंत्र उघडता येते, त्याच्याशी माणसाचे नाते जुळते. जे उघडता येत नाही, ते बिघडले की टाकून द्यावे लागते.

आता स्वीडनहून आपल्या कोल्हापूरला येऊ. तुमच्यापैकी अनेकजण खरी कॉर्नरवरून शाळेत येत असत. तिथे कॅमेऱ्याचे एक स्मारक आहे. त्याच्या शेजारून किती वेळा गेलात आणि किती वेळा थांबलात, हे ज्याचे त्याने आठवावे. ते स्मारक कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचे आहे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म 1890 साली कोल्हापुरात एका कारागिराच्या घरी झाला. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत, म्हणून लोक त्यांना पेंटर म्हणू लागले. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली आला आणि दोघा भावांना चित्रपटाचा ध्यास लागला. कॅमेरा मात्र विलायती आणि परवडण्यापलीकडचा. त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून एक जुना प्रोजेक्टर मिळवला आणि तो खोलून त्याचा अभ्यास सुरू केला.

प्रोजेक्टर खोलून कॅमेरा कसा होईल, असे येथील मुलांना वाटेल. विज्ञानाच्या तासाला सांगावे तसे सांगते. प्रोजेक्टरमध्ये दिवा आत असतो आणि चित्र बाहेर पडते. कॅमेऱ्यात प्रकाश बाहेरून आत येतो. मात्र फिल्म सरकवण्याचे तत्त्व दोन्हींत एकच असते. फिल्म सलग धावत नाही. एक चौकट क्षणभर स्थिर राहते, मग झडप मिटते आणि त्या अंधारात फिल्मच्या कडेच्या छिद्रांत अडकून दाते पुढची चौकट ओढतात. मूकपटांच्या काळी हे सेकंदाला सुमारे सोळा वेळा घडे, तेही हाताने दांडा फिरवून. थांबणे आणि सरकणे यांचा मेळ केसभर चुकला की चित्र पुसट झालेच. शिवाय प्रोजेक्टरच्या पेटीला फट असली तर फारसे बिघडत नाही. कॅमेऱ्याच्या पेटीतून सुईच्या टोकाएवढा प्रकाश आत आला तरी सारी मेहनत वाया जाते. हे सारे त्या भावांना पुस्तकांपेक्षा हातांनी शिकावे लागले.

काम अर्धवट असतानाच 1916 साली आनंदराव वारले. बाबूरावांनी ते सोडले नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने 1918 साली कॅमेरा चालू झाला. तानीबाई कागलकर यांनी पैशाचे साहाय्य केले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. घरच्या कॅमेऱ्यावर चित्रित झालेला 'सैरंध्री' 1920 साली पुण्यात झळकला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब उतरले होते की सरकारने त्याला कात्री लावली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

तुम्ही जेथे राहता त्या भूमीशीही या कथेचा एक धागा जुळतो. याच सुमारास आर. नटराज मुदलियार यांनी मद्रासमध्ये दक्षिणेतील पहिला मूक कथापट काढला. त्याचा विषयही कीचकवधच होता, आणि मुदलियार कॅमेरा चालवायला शिकले होते ते आपल्या पुण्यात, एका इंग्रज छायाचित्रकाराकडून. विद्या अशीच प्रवास करते. तुम्ही कोल्हापूर सोडून इथे आलात, याचे दुःख करणाऱ्या आईवडिलांना मी हे नेहमी सांगते.

बाबूरावांच्या कॅमेऱ्याने जगाची बाजारपेठ जिंकली नाही. कंपनीही फार वर्षे टिकली नाही. मात्र तिच्या आवारात दामले, फत्तेलाल आणि शांताराम शिकले. त्यांनी 1929 साली प्रभात फिल्म कंपनी काढली, आणि 1936 साली दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' आला. एका यंत्राभोवती माणसे घडली, ती त्या यंत्रापेक्षा अधिक टिकली. शिक्षिका म्हणून मला हाच त्या कॅमेऱ्याचा खरा वारसा वाटतो.

येथवर बोलून थांबले असते, तर भाषण शोभून दिसले असते. मात्र एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी मी आठवीची वर्गशिक्षिका होते. कविता ऐकवण्यासाठी आपल्याकडे एक टेपरेकॉर्डर असे. एका मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातील एका मुलाने तो उघडला. मी आत गेले, तेव्हा टेबलावर स्क्रू मांडलेले होते, आणि तेही ओळीने. मी काही विचारले नाही. सर्वांदेखत त्याला रागावले, माफीपत्र लिहून घेतले, वडिलांना बोलावले आणि वर्षभर प्रयोगशाळेत पाऊल टाकायचे नाही अशी शिक्षा केली. दुसऱ्या दिवशी शिपाईकाकांनी झाकण बसवले. आदल्या आठवड्यापर्यंत आवाज ओढल्यासारखा येत होता, तो आता स्वच्छ येत होता. आतला रबरी पट्टा सैल झाला होता, तो त्याने नीट बसवला होता. हे मला कळले आणि तरीही मी शिक्षा मागे घेतली नाही. बाईंचा शब्द खाली पडू नये, एवढेच मला तेव्हा महत्त्वाचे वाटले.

वर्ष संपल्यावर तो शाळा सोडून गेला. त्याचा पत्ता आज आमच्याकडे नाही. हे भाषण स्मरणिकेत छापले जाणार आहे, आणि ती कदाचित त्याच्या हाती पडेल. म्हणून हे इथे, सर्वांदेखत सांगते. बाळ, तू बरोबर होतास. बाई चुकल्या.

आता तुमच्याकडे एक मागणे आहे. हीरक महोत्सवाच्या निधीतून सर्व वर्गांत डिजिटल फळे बसवावेत, असा विचार चालू आहे. ते अवश्य बसवा. मात्र त्याआधी कार्यानुभवाची जुनी खोली आम्हाला परत उभी करून द्या. आज तिथे मोडकी बाके आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. त्या जागी चार भक्कम टेबले, पकडी, पेचकस आणि भिंगे असू द्या. तुमच्या घरचे बंद पडलेले पंखे, घड्याळे, कॅमेरे, फोन पाठवा. त्या खोलीचा नियम मी ठरवला आहे. वीजजोडणी काढल्याशिवाय आणि शिक्षक सोबत असल्याशिवाय काही उघडायचे नाही. उघडण्याआधी चित्र काढायचे आणि उघडल्यावर काय दिसले ते आपल्या मराठीत लिहायचे. परत जोडता आले नाही, तर शिक्षा नाही.

मराठी माध्यमातून मूल मागे पडेल का, असे पालक मला विचारतात. मूल मागे पडते ते प्रश्न विचारण्याची भीती बसल्यामुळे, आणि ती भीती कोणत्याही माध्यमातून घालता येते. मी ती एकदा मराठीतूनच घातली होती.

निवृत्तीला माझी थोडीच वर्षे उरली आहेत. त्याआधी त्या खोलीचे कुलूप माझ्या हाताने उघडावे, एवढी इच्छा आहे. कोल्हापूरला आलात की शाळेत या आणि तासभर त्या टेबलापाशी मुलांसोबत बसा.