घरचा फोन जागा ठेवा
(विंचूर येथे प्रौढ साक्षरांच्या वर्गात केलेले भाषण)



आज आपण घरच्या म्हाताऱ्या माणसांविषयी बोलू.

कांद्याचे दिवस आले की विंचुरात घरी कोण उरते? मुलगा ट्रॅक्टर घेऊन मार्केटात जातो. सून रानात जाते. पोरे शाळेत. मळ्यातल्या वस्तीवर आजी एकटी उरते. तिला धाप लागली, ती मोरीत घसरून पडली, तर हाक कोण ऐकणार? शेजारचे घर दोन शेते पलीकडे. अशा वेळी फोन हीच तिची हाक.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, फोन तर हाये घरात." आहे खरा. पण तो चालू आहे का? बॅटरी उतरलेली, रिचार्ज संपलेला, फोन कपड्यांखाली गेलेला. असा फोन असून नसल्यासारखा.

म्हणून पहिली गोष्ट. फोनची काळजी घरातल्या एकाच माणसावर सोपवा. सगळ्यांचे काम ते कुणाचेच नाही. त्या माणसाने रोज रात्री जेवणे झाली की फोन चार्जिंगला लावावा. सकाळी तो आजीच्या हाती द्यावा. रिचार्ज संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहावी आणि दोन दिवस आधी पैसे भरावेत.

दुसरी गोष्ट. आजीला साधा, मोठ्या बटनांचा फोन द्या. पुष्कळ साध्या फोनांत एकेक बटन एकेका माणसाला नेमून देता येते. २ दाबून धरले की मुलाला लागतो. ३ दाबून धरले की शेजाऱ्याला लागतो. आम्ही शाळेत पोरांकडून पाढे घोकून घ्यायचो. तसेच हे बटन आजीकडून दहा वेळा दाबून घ्या. फोन दोरीने तिच्या गळ्यात असू द्या. माणूस जमिनीवर पडला, तर फळीवरचा फोन काय कामाचा?

तिसरी गोष्ट विजेची. जुन्या तांब्याच्या तारेवरच्या फोनला वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून तारेनेच मिळते. घरची लाइट गेली तरी तो बोलतो. नव्या फायबरच्या फोनचे तसे नाही. त्याची पेटी घरच्या विजेवर चालते. लाइट गेली आणि पेटीला बॅटरी नसली, की फोन मुका. म्हणून जोडीला चार्ज केलेला बटनांचा फोन हवाच.

चौथी गोष्ट तुमच्या हातची. तुम्ही आता लिहायला शिकलात. खाटेजवळच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहा: रुग्णवाहिका १०८. पोलीस आणि आग ११२. वृद्धांना सल्ला व मदत १४५६७. बटनांवर इंग्रजी आकडे असतात. म्हणून शेजारी तसेही आकडे काढा.

त्याखाली पत्ता लिहा. नुसते "विंचूर" पुरत नाही. सिन्नर तालुक्यात विंचूर दळवी आहे. नाशिक तालुक्यात विंचूर गवळी आहे. म्हणून "विंचूर, तालुका निफाड" असे सांगावे. मग वस्तीचे नाव आणि जवळची खूण सांगावी.

एक सावधगिरी. कोणी फोनवर म्हणेल, "मी पोलीस बोलतो. तुम्हाला अटक झाली आहे, पैसे पाठवा." फोनवर अटक करण्याचा कायदा नाही. तो लबाड आहे. फोन ठेवून द्यावा आणि मुलाला सांगावे. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करावा.

शेवटची गोष्ट सर्वांत सोपी. बाहेर असाल तर रोज ठरल्या वेळी घरी एक फोन करा. "आई, चहा घेतला का?" एवढेच विचारा. तिने उचलला, तर फोन चालू आहे आणि आईही बरी आहे. नाही उचलला, तर पुन्हा लावा. तरी नाही, तर शेजाऱ्याला लगेच पाठवा. उद्या बघू म्हणू नका.

आई म्हणेल, "मला काय होतंय? कशाला खर्च?" तिचे ऐकू नका. ज्या माउलीने रात्री जागून आपल्याला वाढवले, तिच्यासाठी एक फोन जागा ठेवणे जड नाही. आज घरी गेल्यावर पहिल्यांदा तिचा फोन लावून पाहा.